आरसा आधी, एलईडी मागाहून

मालवणात टॉर्च विकत घ्यायची एक रीत आता ठरून गेली आहे. गिऱ्हाईक विचारतं, "किती वॅटची आसा?" दुकानदार खोका फिरवून लुमेनचा आकडा दाखवतो. आकडा जितका मोठा तितका फोकस लांब, हे दोघांनीही धरूनच चाललेलं असतं. टॉर्च समोरच्या भिंतीवर मारून बघितली जाते, भिंत पांढरीफटक होते आणि पैसे दिले जातात. रात्री तोच माणूस दांडीच्या किनाऱ्यावर उभा राहून पाण्यात जाळ्याचे बोये शोधतो. पायाखालची वाळू, शेजारची होडी आणि स्वतःचा हात त्याला लख्ख दिसतो, बोये तेवढे दिसत नाहीत.

या रितीमागचं मत थोडक्यात असं: एलईडी दमदार असला की काम झालं; त्याच्याभोवतीचा रिफ्लेक्टर म्हणजे नुसता चकचकीत पेला, कुठलाही चालतो; लांबचं बघायचं असेल तर जास्त लुमेनची घ्या. बाजारातले लोक हे बोलतात यात नवल नाही, त्यांना खोका विकायचा असतो. पण आउटबोर्ड इंजिन उघडून पुन्हा जोडणारी हुशार माणसंही हेच बोलू लागली आहेत. मला हे मत नुसतं अपुरं वाटत नाही, ते उलटं वाटतं. लांब जाणारा झोत हवा असेल तर निवड आरशापासून सुरू करायची असते आणि एलईडी त्या आरशाला साजेसा शोधायचा असतो.

विरोधी मताला त्याचं श्रेय आधी देऊन टाकतो. तीन सेलची जुनी पितळी टॉर्च पन्नास लुमेनही देत नसे. आज अंगठ्याएवढी टॉर्च हजार देते, आणि तीही एका सेलवर. बाकी सगळं तेच ठेवून एलईडीतला उजेड वाढवला तर झोतही वाढतो, हेही खरं. पण बाजारात बाकी सगळं तेच कधीच नसतं. लुमेन वाढवण्याचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे एलईडी आकारानं मोठा करणं. आणि एलईडी मोठा केला की झोत पसरतो.

लुमेन म्हणजे टॉर्चमधून बाहेर पडणारा एकूण उजेड, मग तो कुठेही जावो. एका दिशेला तो किती दाटीनं जातो, ते कँडेला सांगतं. टॉर्चचा पल्ला मोजायची एक पद्धत २००९ साली अमेरिकन मानकानं घालून दिली आणि बहुतेक नामांकित कंपन्या आज तीच पाळतात. ज्या अंतरावर उजेड ०.२५ लक्सवर येतो, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका उरतो, तो त्या टॉर्चचा पल्ला. हिशेब तोंडी करता येतो: कँडेलाचं वर्गमूळ काढा आणि दुप्पट करा. १०,००० कँडेलाला २०० मीटर, ४०,००० कँडेलाला ४००. पल्ला दुप्पट करायला कँडेला चौपट लागतात. या सूत्रात लुमेन कुठेच नाहीत.

आता हजार लुमेनचा एलईडी घ्या आणि त्याच्यासमोर काहीच ठेवू नका. तो पुढच्या अर्ध्या गोलात उजेड उधळतो. नेमक्या समोर त्यातले जेमतेम ३१८ कँडेला मिळतात, म्हणजे पल्ला सुमारे ३६ मीटर. उलट शंभर लुमेनचा एलईडी घ्या, त्यातला निम्मा उजेड वाया गेला असं धरा आणि उरलेला ५० लुमेन चार अंशांच्या शंकूत बसवा. १३,००० कँडेला होतात, पल्ला सव्वादोनशे मीटरच्या वर. दहावा हिस्सा उजेड, त्यातलाही अर्धा फुकट, तरी सहापट लांब. हा फरक ज्या वस्तूनं पाडला तिला नुसता चकचकीत पेला म्हणणं मला पटत नाही.

लुमेन हे माप सगळीकडेच फसवं आहे असं मात्र मी म्हणत नाही. आमच्याच समुद्रात त्याचं अगदी चोख उदाहरण आहे, आणि ते सांगताना तोंड कडू होतं. एलईडी लावून पर्ससीन मासेमारी करणाऱ्या बोटी जनरेटरवर दिव्यांची रांग पेटवतात, तेव्हा त्यांना झोत नकोच असतो. चहूकडचा मासा उजेडाकडे ओढून गोळा करायचा असतो. तिथं उजेड जितका पसरेल तितका त्यांचा फायदा, म्हणून तिथं लुमेनच मोजावे लागतात. केंद्र सरकारनं नोव्हेंबर २०१७ मध्ये या पद्धतीवर बंदी घातली. रापणवाले आणि लहान होडीवाले तिच्याविरुद्ध वर्षानुवर्षं भांडत आले आहेत, ते योग्यच आहे. पण गंमत बघा, त्या बोटीवरच्या दिव्याचं माप जसंच्या तसं उचलून आपण हातातल्या टॉर्चला लावतो. एका दिव्याला सगळीकडचा मासा जवळ आणायचा आहे आणि दुसऱ्याला लांबचा एकच बोया दाखवायचा आहे. दोघांची परीक्षा एकाच पट्टीनं कशी होईल?

यावर एक उत्तर हटकून येतं, आणि ते ऐकायला बिनतोड वाटतं: "पाईपच्या तोंडावर बोट ठेवलं की पाणी लांब जातं, तसा उजेडही तोंड बारीक करून लांब नेता येईल." माडांना पाणी घालणाऱ्या प्रत्येकाला हा अनुभव असल्यामुळे ते पटतंही लगेच. पण उजेड पाण्यासारखा दाबला जात नाही. पाण्याचं तोंड अर्धं बुजवलं की उरलेल्या फटीतून ते जोरानं निघतं. उजेडाचं तोंड अर्धं बुजवलं की अर्धा उजेड आत मरतो आणि उरलेला आहे त्याच कोनात पसरत जातो. झोत बारीक करायचा असेल तर तोंड रुंद करावं लागतं. हे चमत्कारिक वाटतं खरं, पण सगळं प्रकाशशास्त्र या बाबतीत एकमतानं बोलतं.

कारण असं. लांब उभ्या माणसानं टॉर्चकडे पाहिलं तर त्याला रिफ्लेक्टरचा सगळा पेला पेटलेला दिसतो, आणि त्या पेल्याचा प्रत्येक चौरस मिलिमीटर एलईडीच्या पृष्ठभागाइतकाच तेजस्वी दिसतो. त्याहून तेजस्वी कधीच नाही. कोणताही आरसा, कोणतंही भिंग उगमाचं तेज वाढवू शकत नाही. ते फक्त तेजाचं क्षेत्रफळ वाढवतं. म्हणून झोताची ताकद म्हणजे एलईडीचं तेज गुणिले आरशाच्या तोंडाचं क्षेत्रफळ, वजा आतले तोटे. एलईडीच्या दर चौरस मिलिमीटरमागे १०० कँडेला तेज आहे असं समजा. २० मिलिमीटर रुंद पेल्यातून कागदावर ३१,४०० कँडेला निघतात, पल्ला साडेतीनशे मीटर. तोच एलईडी ४५ मिलिमीटरच्या पेल्यात ठेवला तर १,५९,००० कँडेला, पल्ला आठशेच्या जवळ. एलईडी तोच, सेल तोच, वीज तितकीच. प्रत्यक्षात पाचव्या हिश्श्याच्या आसपास घट धरा, तरी दोन पेल्यांमधलं प्रमाण हलत नाही: रुंदी सव्वादोन पट तर पल्लाही सव्वादोन पट.

आता एलईडी चौपट क्षेत्रफळाचा घ्या, पण दर चौरस मिलिमीटरचं तेज तेवढंच ठेवा. खोक्यावरचा लुमेनचा आकडा चौपट होईल, सेल चौपट वेगानं उतरेल, टॉर्च हातात धरवणार नाही इतकी तापेल. पल्ला मात्र जिथं होता तिथंच राहील. लांबवर पडणारा ठिपका तेवढा दुप्पट रुंद होईल. ३० मिलिमीटर केंद्रांतराच्या भिंगासमोर एक मिलिमीटरचा एलईडी शंभर मीटरवर साधारण सव्वातीन मीटरचा ठिपका पाडतो. साडेतीन मिलिमीटरचा जाडजूड एलईडी पाडतो पावणेबारा मीटरचा. बोया सापडायला यातला कुठला उपयोगी, ते होडीवाल्यालाच विचारा.

म्हणूनच लांब पल्ल्याच्या टॉर्चमध्ये जाणकार लहान आणि सपाट एलईडी शोधतात, ज्याच्यावर काचेसारखा घुमट नसतो. घुमटामुळे आतला उजेड जास्त बाहेर येतो, लुमेन वाढतात. पण आरशाला एलईडी आहे त्याहून मोठा दिसतो. घुमट काढला की लुमेन उतरतात आणि तेज चढतं. खोका वाचून घेणारा माणूस नेमका घुमटवाला एलईडी घेऊन घरी येतो. याच वाटेनं शेवटपर्यंत गेलेल्या टॉर्चही आता मिळतात. त्यांच्यात लेसरनं फॉस्फरचा बारीकसा ठिपका पेटवलेला असतो. लुमेन चारपाचशेच्या आतबाहेर, पण झोत किलोमीटरच्या पलीकडे जातो. किंमत ऐकून मात्र होडी विकावीशी वाटते.

तोंडावर सात-आठ एलईडी असलेल्या टॉर्चना आपल्याकडे फार मान आहे. सात डोळे म्हणजे सातपट लांब, असा सरळ हिशेब. साठ मिलिमीटरच्या तोंडात वीस-वीस मिलिमीटरचे सात पेले बसतात आणि त्यांच्यामधल्या फटी वाया जातात. सगळ्यांचं मिळून क्षेत्रफळ साठच्या एकाच पेल्याच्या पाऊण हिश्श्याहून थोडं जास्त भरतं. म्हणजे सात एलईडींची वीज जाळूनही पल्ला एका एलईडीच्या मोठ्या पेल्याहून कमीच. अंगणात लग्नाचा मांडव घालायचा असेल तर ही टॉर्च बेलाशक घ्या.

आणि ते लाखाचे आकडे! एका सेलवर चालणारी, खोक्यावर १,००,००० लुमेन छापलेली टॉर्च कुठल्याही बाजारात दिसते. चांगला पांढरा एलईडी एका वॅटमागे दीडशे लुमेन देतो असं उदार मनानं धरलं, तर लाख लुमेनला ६६७ वॅट लागतील. १८६५० आकाराच्या सेलमध्ये सगळी मिळून दहा-अकरा वॅट-तास वीज मावते. तेवढ्यावर ती टॉर्च मिनिटभरच पेटली असती, आणि त्याआधी सेल आणि हात दोन्ही भाजले असते. या आकड्याला खोटं म्हणण्यापलीकडे दुसरा शब्द माझ्याकडे नाही.

"हे सगळं पुस्तकी झालं, रात्रीच्या समुद्रावर त्याचा काय पत्ता?" असं विचारणाऱ्यांनी देवगडच्या किल्ल्यातल्या दीपगृहाकडे बघावं, नाहीतर निवतीसमोरच्या खडकांवरच्या. दीपगृह म्हणजे दुसरं काय, दिवा आणि त्याच्यापुढची काच. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपातली चांगली दीपगृहं तेलाच्या दिव्यांमागे पॅराबोला आकाराचे चकचकीत आरसे लावत. ऑगस्तँ फ्रेनेल या फ्रेंच अभियंत्यानं आरसे काढून भिंग बसवलं. पण अख्खं भिंग एवढं जाड झालं असतं की ते उचलवलं नसतं, म्हणून त्यानं ते कड्यांकड्यांत कापून चपटं केलं. १८२३ मध्ये फ्रान्सच्या कोर्दुआँ दीपगृहावर ते पेटलं. पुढे या भिंगांच्या प्रती ठरल्या. पहिल्या प्रतीचं केंद्रांतर ९२० मिलिमीटर. आत वीज नव्हती, एलईडी नव्हता, तेलाची वात होती. ती वात वीस मैलांवरच्या तांडेलाला दिसे, ती तिच्या लुमेनमुळे नव्हे. पुरुषभर उंच काचेसमोर ती ज्योत अगदी लहान होती म्हणून दिसे. लहान उगम आणि मोठं तोंड: फ्रेनेलनं दोनशे वर्षांपूर्वी सोडवलेलं हे गणित आपण बाजारात उभं राहून उलटं सोडवतो आहोत.

आरसा महत्त्वाचा असं एकदा मानलं की मग कुठला आरसा, हा वाद उभा राहतो, आणि इथं आमच्याच बाजूचे लोकही घोळ घालतात. जुना बल्ब चारी बाजूंना उजेड टाकत असे, म्हणून त्याच्याभोवतीचा पेला बराचसा उजेड पकडायचा. एलईडी फक्त समोर बघतो. त्याचा जो उजेड पेल्याला न शिवता थेट तोंडातून निघून जातो तो लांब जातच नाही, तो आजूबाजूला फिका पसरतो. एलईडीपासून काठाची उंची पेल्याच्या निम्म्या रुंदीइतकी असेल, तर तब्बल अर्धा उजेड आरशाला शिवतच नाही. जुन्या पितळी टॉर्चमध्ये बल्बच्या जागी एलईडी बसवून "काय मजा नाय" म्हणणारे पुष्कळ भेटतात. दोष एलईडीचा नसतो. तो पेला त्याच्यासाठी घडवलेलाच नसतो.

मग खोल पेला घ्यावा का? खोल पेला जास्त उजेड पकडतो, पण रुंदी तीच असेल तर पल्ला वाढवत नाही. त्याचा ठिपका मोठा आणि भरलेला येतो. उथळ पेल्याचा ठिपका लहान, आजूबाजूचा पसारा जास्त. पल्ला रुंदीवर जातो, ठिपक्याचा भरणा खोलीवर. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे ध्यानात घेतलं तर निम्मी भांडणं मिटतील.

एलईडी आरशाच्या नेमक्या केंद्रावर आहे की नाही, ही या सगळ्यातली सर्वांत दुर्लक्षित बाब. पंचेचाळीस मिलिमीटरच्या खोल पेल्याचं केंद्र तळापासून चार-पाच मिलिमीटरवर असतं, तिथं अर्ध्या मिलिमीटरची चूकही मोठी. एलईडीभोवतीची पांढरी प्लॅस्टिकची कडी थोडी जाड किंवा पातळ निघाली की झोताच्या मधोमध काळं भोक पडतं आणि भोवती उजेडाची बांगडी दिसते. ही बांगडी हातभर अंतरावरच्या भिंतीवर चांगल्या टॉर्चचीही दिसते, म्हणून दुकानातली भिंत-परीक्षा कुचकामी आहे. निदान पाच-सात मीटर लांब जा. तिथंही भोक राहिलं तर ती टॉर्च परत करा, नाहीतर कडी बदलून बघा. काही पैशांच्या त्या कडीनं जो फरक पडतो तो हजारभर लुमेन वाढवून पडत नाही.

आतून गुळगुळीत पेला लांब मारतो. संत्र्याच्या सालीसारखा खरबरीत पेला ठिपक्याची कड मऊ करतो, डाग पुसून टाकतो आणि त्या बदल्यात थोडा पल्ला खातो. होडीवर गुळगुळीत, पाणंदीत खरबरीत, इतकं पुरे.

मालवणची हवा वेगळी, हेही विसरून चालत नाही. पेल्यावरचा अॅल्युमिनियमचा मुलामा केसाहून कितीतरी पातळ असतो. नवा असताना तो पंचाऐंशी ते नव्वद टक्के उजेड परतवतो. खारी हवा आत शिरली की त्याच्यावर ठिपके उठतात आणि तो करपतो. मग मालक शर्टाच्या टोकानं तो पुसतो. पुसल्याबरोबर मुलाम्याला इतके ओरखडे पडतात की आधीचं करपलेपण परवडलं. पेला हातानं पुसायचा नाही, फुंकून धूळ उडवायची, बस. तोंडावरची काच साधी असेल तर तिच्या दोन्ही बाजूंना मिळून आठेक टक्के उजेड परततो. लेप दिलेली काच मिळाली तर हा तोटा दोन टक्क्यांच्या आसपास येतो.

याच हवेमुळे झूमवाल्या टॉर्चबद्दल मी कधी चांगलं बोलत नाही. डोकं पुढेमागे सरकवून फोकस बारीक-मोठा करता येतो, म्हणून ती हातोहात खपते. बारीक फोकसला तिचं भिंग एलईडीपासून लांब जातं. तीस मिलिमीटरचं भिंग पंचवीस मिलिमीटर लांब असेल, तर एलईडीचा जेमतेम चौथा हिस्सा उजेड त्याच्यात शिरतो. उरलेले तीन हिस्से डोक्याच्या काळ्या भिंतीत मरतात. जो शिरतो तो माडाच्या झावळीवर एलईडीचा चौकोन जसाच्या तसा काढून दाखवतो, त्यालाच लोक स्वच्छ फोकस म्हणून मिरवतात. आणि डोकं सरकवताना दर वेळी टॉर्च बाहेरची हवा आत ओढते. किनाऱ्यावर त्या हवेबरोबर मीठही आत जातं. डोंगरावरच्या गावात ती चार वर्षं टिकेल, देवबागात टिकायची नाही.

यापेक्षा प्लॅस्टिकचं अखंड भिंग बरं, ज्याच्या मधोमध छोटं भिंग असतं आणि कडेच्या भिंती उजेड आतल्या आत परतवतात. या भिंतींना मुलामा लागतच नाही, त्यामुळे मीठ लागून करपायला काही नसतं. चांगल्या भिंगातून पंचाऐंशी टक्क्यांच्या वर उजेड बाहेर येतो आणि इकडेतिकडे सांडतो तो थोडाच. युक्ती तीच जुनी: पुढच्या काळातल्या दीपगृहांच्या काचांमध्येही वरच्या-खालच्या कड्या असाच आतल्या आत उजेड परतवत. उणीव दोन. ही भिंगं सहसा लहान असतात, म्हणून फार लांबचा पल्ला देत नाहीत. आणि अॅक्रिलिकची असतील तर शंभर अंशांच्या आसपास मऊ पडतात. जास्त लुमेनचा हट्ट इथंही नडतो तो असा.

आता दुसऱ्या टोकाच्या लोकांकडे वळतो, कारण वरचं सगळं वाचून ते खूश झाले असतील. "आम्ही आधीपासून म्हणतोय, फोकस जितका बारीक तितका चांगला." नाही. दहिकाल्याचं नाटक बघून पहाटे घरी परतणाऱ्याला साकवावर, गडग्याच्या कडेला, ओल्या कातळावर फुरसं दिसायला हवं. ते पावलापासून दोन हातांवर असतं. गव्याच्या डोळ्यामागे उजेड परतवणारा पडदा असतो, म्हणून बागेच्या टोकाला उभा गवा झोतात दोन दिव्यांसारखा चमकतो. सापाच्या डोळ्यात असा पडदा नसतो, तो चमकत नाही. त्याला दगडाच्या रंगातून वेगळं काढायचं तर रुंद, मऊ, सारखा पसरलेला उजेडच हवा, आणि तो शंभर लुमेनचा असला तरी भागतं. चार अंशांचा झोत घेऊन पाणंदीत चालणारा माणूस समोरच्या घराची कौलं मोजतो आणि पाय सापावर ठेवतो.

पावसातही बारीक झोत हवा तो पल्ल्यासाठी नाही. पसरलेला उजेड डोळ्याजवळच्या थेंबांवरून परततो आणि समोर पांढरा पडदा उभा राहतो, तो टाळण्यासाठी. म्हणून डोक्याला बांधायची टॉर्च जोराच्या पावसात निरुपयोगी. हातातली टॉर्च कमरेच्या खाली धरली तर तोच झोत जास्त दूरचं दाखवतो. पिवळा उजेड पाऊस फाडतो, ही समजूतही सोडून द्यावी. पावसाचा थेंब उजेडाच्या लहरीहून हजारो पटींनी मोठा असतो, त्याला पिवळं-पांढरं सारखंच.

बारीक झोताची जबाबदारीही मोठी. लाख कँडेलाचा झोत समोरून येणाऱ्या होडीच्या सुकाणूवाल्याच्या डोळ्यांत गेला, तर अंधाराला पूर्ण सरावायला त्याला पुन्हा वीस-तीस मिनिटं लागतात, आणि मालवणच्या खडकांमधून वाट काढताना तेवढा वेळ कोणाकडे नसतो. "मेल्या, डोळ्यात कशाक मारतंस?" ही शिवी उगाच येत नाही. समुद्रावरची टक्कर टाळण्यासाठीच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांतला छत्तिसावा नियम धोक्याच्या दिशेनं झोत टाकायला परवानगी देतो, पण दुसऱ्या जहाजाला त्याचा त्रास होणार नाही अशा बेतानं. वायंगणी, तांबळडेगच्या वाळूत कासवांची पिल्लं बाहेर येतात त्या रात्री तर कुठलाच झोत नको. ती उजेडाकडे वळतात आणि समुद्र चुकतात.

तेव्हा माझं म्हणणं बारीक झोताच्या बाजूनं नाही, ठरवून घेतलेल्या झोताच्या बाजूनं आहे. कामाचं अंतर आधी ठरवा. त्यावरून कँडेला काढा, कँडेलावरून आरशाची रुंदी, रुंदीवरून एलईडी. सेल सगळ्यात शेवटी. छापील पल्ल्यातही अर्धा सोडून द्या, कारण चांदण्याइतक्या उजेडात काळी होडी ओळखता येत नाही. अर्ध्या अंतरावर उजेड चौपट म्हणजे एक लक्स होतो, तिथं ओळखू येते. आणि जाळ्याच्या बोयांना परावर्तक पट्टी गुंडाळा. ती झोत थेट तुमच्याकडेच परत पाठवते. नुसत्या प्लॅस्टिकच्या बोयाला लागणाऱ्या उजेडाच्या अगदी थोड्या हिश्श्यात ती दिसते. टॉर्चवर खर्च करण्याआधी हा खर्च करावा, पण पट्टीच्या खोक्यावर लुमेन छापलेले नसल्यामुळे ती कोणी मागत नाही.

"इतकं सगळं दुकानात उभं राहून कोण मोजणार?" हा शेवटचा आक्षेप. मोजता येतं. मोबाईलमध्ये उजेड मोजण्याचं फुकट ॲप असतं. ते प्रयोगशाळेइतकं अचूक नाही, पण थापा पकडायला पुरतं. संध्याकाळी अंधार पडल्यावर दुकानासमोरच्या रस्त्यावर दहा मीटर मोजा, दुसऱ्याला टॉर्च धरायला सांगा, मोबाईलचा सेन्सर ठिपक्याच्या मधोमध आणा. जो लक्सचा आकडा येईल त्याला शंभरानं गुणा, ते कँडेला. नव्वद लक्स आले तर ९,००० कँडेला, म्हणजे पल्ला १९० मीटर. खोक्यावर ८०० मीटर छापलं असेल तर त्या ठिकाणी १,६०० लक्स यायला हवे होते. दोन्ही आकडे दुकानदाराला दाखवा आणि मग भाव करायला बसा.